ज्याचं नाव घ्यायचं नाही तो

लग्नातल्या उखाण्यात घेतलं ते मी धरत नाही. ते यमकासाठी होतं, आणि बायका "मोठ्याने, मोठ्याने" म्हणून इतक्या कोकलत होत्या की मी काय म्हटलं ते कोणालाच ऐकू गेलं नाही. त्यानंतर नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा आमच्या लोअर परळच्या खोलीतला पहिला नियम होता आणि त्यावर सासूबाईंचा पहारा होता. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं त्या सांगत. त्यांच्याकडे पुरावाही होता. गावी एकदा खळ्यात साप निघाला, तेव्हा घाबरून त्यांनी सासऱ्यांना नावाने हाक मारली, आणि वर्षाच्या आत सासरे गेले. मी एकदा धीर करून म्हटलं, "पण त्यांना न्यूमोनिया झाला होता ना?"

"तो कित्याक झालो?" त्या म्हणाल्या.

न्यूमोनिया का होतो, हे मॅट्रिक नापास बाईला कोणी शिकवलं नव्हतं.

तसं या नियमामुळे चाळीत कोणाचं अडत नसे. रेशनवाल्याने किंवा देवी टोचायला आलेल्या बाईने "मालकांचं नाव?" विचारलं की आपण शेजारणीकडे बघायचं आणि शेजारणीने आपल्या नवऱ्याचं नाव सांगायचं. तिच्या वेळी आपण सांगायचं. एरवी "अहो" आणि "हे" यांत संसार होत असे. तेवढ्याने भागलं नाही तर वर्णन करायचं. काल ज्यांनी तुमच्याकडून ब्लेडचं पाकीट नेलं ते. व्यायामशाळेत जे कॅरम हरतात ते. वाण्यापासून धोब्यापर्यंत सगळ्यांना माझा नवरा अशा तुकड्यांनीच माहीत होता.

समोरच्या चाळीत माझी एक मैत्रीण होती. तिचा नवरा आणि माझा नवरा एकाच गिरणीत, एकाच पाळीला. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून तिच्या घरातून देव गेले, उपासतापास गेले आणि हा नियमही गेला. ती गॅलरीत उभी राहून नवऱ्याला सरळ नावाने हाक मारी, आणि तो खालच्या रस्त्यावरून "आलो, आलो" म्हणून ओरडे. तिची हाक ऐकू आली की आमच्या सासूबाई दार लावून घेत. जातीमुळे लावत की नावामुळे, हे मी विचारलं नाही. बहुतेक दोन्हींमुळे. तिचा नवरा मात्र चांगला धडधाकट होता, आणि हे सासूबाईंना खुपत असावं.

मी इंग्रजीत नापास झाले होते. बाकी सगळे विषय सुटले होते. परीक्षेला पुन्हा बसायचं हे माझ्या नवऱ्याने ठरवलं, मी नाही. तो स्वतः चौथीत शाळा सोडून मुंबईला आला होता आणि गिरणीत फिटर होता. "गिरणीचा काय भरवसा नाय," तो म्हणाला. "तू पास हो. मग मी घरी बसून भात शिजवतो." भाताचं त्याने पुढे कधी मनावर घेतलं नाही. पण चाळीच्या मंडळाने बायकांसाठी दुपारचा इंग्रजीचा वर्ग काढला, त्यात माझं नाव पहिलं घातलं ते त्यानेच. त्याला माझं नाव घ्यायला बंदी नव्हती.

वर्ग व्यायामशाळेत भरे. मुद्गल भिंतीला लावून ठेवलेले, आणि तेलाचा वास. शिकवायला गिरगावातून एक निवृत्त मास्तर ट्रॅमने येत. बंद गळ्याचा कोट, छत्री, आणि दर वेळी ट्रॅमच्या कंडक्टरबद्दल एक नवी तक्रार. ते आम्हा सगळ्या बायकांना "तुम्ही" म्हणत आणि आमच्या बोलण्याने त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. गिरणगावाचं मुख्य दुखणं त्यांच्या मते एकच होतं. आम्ही तुकड्यांत बोलतो.

"माणूस आला. माणूस मामा आहे. मामाने चिकू आणले," ते म्हणत. "अहो, जोडा! वाक्यं जोडा! इंग्रज माणूस असं तोडून बोलत नाही."

जोडण्याचं काम उपवाक्याने करायचं होतं. मराठीत ते सोपं असतं. जो माणूस काल आला, तो माझा मामा. जो आणि तो नेहमी जोडीने येतात, पाटावर बसलेल्या नवरानवरीसारखे. इंग्रजीत तसं नाही. तिथे माणूस आधी उभा करायचा, मग त्याच्या पाठीला 'हू' लावून त्याची सगळी हकीकत सांगायची, आणि हकीकत संपली की 'तो' न म्हणता सरळ पुढे जायचं. द मॅन हू केम यस्टरडे इज माय अंकल. हे आम्हाला काही केल्या जमेना. आमच्या प्रत्येकीच्या वाक्यात उपवाक्य संपलं की एक 'ही', म्हणजे आपला 'तो', घुसायचाच. जो म्हटल्यावर तो म्हणायचं नाही, म्हणजे ताट वाढून पाणी न देण्यासारखं वाटे. मास्तर तांबड्या पेन्सिलीने त्या 'ही'वर काट मारत आणि विचारत, "हा दुसरा माणूस कोण?"

माणसाला 'हू' आणि वस्तूला किंवा जनावराला 'विच', हेही त्यांनी सांगितलं. शेवटच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, "मास्तर, पोलिसाला काय लावायचं?" तिचा दीर मागच्या मोर्च्यात लाठी खाऊन आला होता. मास्तरांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. बराच विचार करून म्हणाले, "व्याकरणाप्रमाणे हू."

उदाहरणं मास्तर चाळीतलीच देत, कारण आम्हाला समजावीत ही त्यांची तळमळ. 'हूज' शिकवताना त्यांनी फळ्यावर लिहिलं की जिची बादली नेहमी नळाखाली असते ती बाई पहिल्या मजल्यावर राहते. ती बाई वर्गातच होती. तिला अर्थ कळायला थोडा वेळ लागला, पण कळला. पुढे तिने नळावर एकेकीला गाठून विचारलं की माझं नाव मास्तरांना कोणी सांगितलं. नाव कोणी सांगितलंच नव्हतं, हे तिला पटवून देता देता आमचं पाणी गेलं.

मला मात्र हा धडा आवडला. सगळ्या इंग्रजीत मला पहिल्यांदाच काहीतरी ओळखीचं भेटलं होतं. नाव न घेता माणूस दाखवायचा, हे तर मी रोजच करत होते. सासूबाईंनाही मी समजावून सांगितलं की इंग्रजांतही अशी सोय आहे. त्या म्हणाल्या, "मगे त्यांच्यो बायको शाण्यो."

स्वल्पविरामाचा तास मला अजून आठवतो. मी वहीत लिहिलं होतं की माझा नवरा जो गिरणीत काम करतो तो उंच आहे. मास्तरांनी वही वर धरली आणि म्हणाले की बाईंनी स्वल्पविराम घातलेला नाही, त्यामुळे इंग्रज वाचकाचा असा समज होईल की बाईंना अनेक नवरे आहेत आणि त्यांतला गिरणीत काम करणारा तेवढा उंच आहे. पुष्कळांतून एक निवडायचा असेल तर स्वल्पविराम नको. एकच असेल, तर उपवाक्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवा. वर्गात इतका हशा झाला की वरच्या मजल्यावरून कोणीतरी पाय आपटले. माझी मैत्रीण तर मुद्गलावर पडली. मला राग आला. घरी जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं, तर त्याने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि विचारलं, "मग बाकीचे कुठे कामाला आहेत?"

हे असे दिवस. पण याच दिवसांत संयुक्त महाराष्ट्र चालू होता, आणि तो आमच्याकडे वर्तमानपत्रातून येत नव्हता, जिन्यावरून येत होता. आधीच्या गोळीबारांत गिरणगावातली माणसं गेली होती. त्यांच्या घरांवरून आम्ही रोज जात होतो. मास्तरही कडवे संयुक्त महाराष्ट्रवाले होते. वर्ग सुटताना आम्ही "झालाच पाहिजे" म्हणत असू आणि ते छत्री उंच करून साथ देत. या घोषणेत क्रियापद होतं, त्यामुळे त्यांची काही हरकत नव्हती.

माझा नवरा प्रत्येक मोर्च्याला जाई. जाताना "येतो" म्हणे आणि मी "या" म्हणे. तो परत येईपर्यंत मी घरातली भांडी घासत बसे, स्वच्छ असली तरी. मला भीती वाटत असे आणि मी ती कोणालाही सांगत नसे. सासूबाई देवापुढे बसत. त्या वेळी खोलीत आम्ही दोघी असून एकमेकींकडे बघत नव्हतो, कारण बघितलं असतं तर दोघींपैकी कोणीतरी ते बोललं असतं.

त्या दिवशी दिल्लीहून कोणी बडा पाहुणा येणार होता आणि त्याला काळी निशाणं दाखवायची होती. नवरा सकाळीच गेला. शर्टाचा खिसा फाटला होता, तो मी शिवते म्हटलं. "आल्यावर शिव," तो म्हणाला. दुपारी वर्ग भरला नाही. मग खालून कोणीतरी ओरडत आलं की दादरकडे लाठीमार झाला, बरेच धरले, बरेच पडले. माझी मैत्रीण समोरून धावत आली. तिचा नवराही गेला होता. आमच्या दारात ती पहिल्यांदाच उभी राहिली आणि सासूबाईंनी दार लावलं नाही. त्या तिला म्हणाल्या, "हिका घेवन् जा गो."

आम्ही आधी परळच्या इस्पितळात गेलो. तिथे खिडकीवर बायकांची झुंबड होती. मैत्रिणीने तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्याही नवऱ्याचं सांगितलं. नियम तिने मोडला होता, पण माझा मोडू नये याची काळजी तिला होती. दोघंही तिथे नव्हते. ज्यांना धरलं त्यांना दोन वेगवेगळ्या चौक्यांवर नेलंय आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांना मुंबईबाहेरच्या तुरुंगात हलवणार, असं खिडकीवरच्या माणसाने सांगितलं. वेळ नव्हता. ती एका चौकीकडे पळाली, मी दादरच्या दुसऱ्या चौकीकडे. ती वळणावर दिसेनाशी झाली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता माझ्यासाठी नाव सांगायला कोणी उरलेलं नाही.

चौकीचं फाटक बंद होतं. आत पटांगणात जाळीची मोठी मोटार उभी होती आणि माणसं तिच्यात चढवली जात होती. फाटकावरचा हवालदार आपल्याकडचाच होता, साताऱ्याकडचा असावा. घामाघूम झाला होता.

"नाव सांगा बाई."

"गिरणीत फिटर आहेत ते," मी म्हटलं.

"आत समदे गिरणीवालेच हायती."

"मालवणचे आहेत. उंच आहेत."

"बाई, नाव."

"ज्यांच्या शर्टाचा खिसा फाटलाय ते."

हवालदाराने आत मान वळवून बघितलं. "आता कुनाचाच खिसा धड न्हाई," तो म्हणाला. तो टिंगल करत नव्हता. खरंच बघून सांगत होता.

मास्तरांनी शिकवलं होतं की उपवाक्य माणसाला गर्दीतून वेगळा काढतं. इथे मी एकामागून एक सांगत होते आणि सगळी आतल्या प्रत्येकाला लागू पडत होती. आजूबाजूला मी एखादी ओळखीची बाई शोधली. शेजारी एक म्हातारी होती, ती आपल्या मुलाला नावाने हाका मारत होती. मुलाचं नाव घ्यायला काही आडकाठी नसते. माझ्या नवऱ्याचं नाव तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिनेच मला सांगितलं की एकाच्या डोक्याला मार लागून तो इथेच पटांगणात कोसळला आणि त्याला मघाशी वेगळ्या गाडीने नेलं. "नाव इचारायच्या आधीच सुद गेली बिचाऱ्याची," ती म्हणाली.

एवढ्यात एक इन्स्पेक्टर फाटकाशी आला. त्याला मराठी कळत होतं, पण तो बोलत नव्हता. त्याने मला इंग्रजीत विचारलं की कोण हवंय. मी उत्तर दिलं. "सर, आय ॲम लुकिंग फॉर अ मॅन हू वर्क्स इन अ मिल, हू इज फ्रॉम मालवण, अँड हूज शर्ट हॅज अ टॉर्न पॉकेट." मध्ये एकही फालतू 'ही' आला नाही. मास्तरांना मी हे पुढे सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून वाक्य तपासलं आणि बरोबर आहे म्हणाले. मॅट्रिकला मी पुढच्या खेपेला सुटले, पण तिथे एवढं लांब वाक्य मला जमलं नाही.

इन्स्पेक्टर म्हणाला, "व्हेरी गुड इंग्लिश. नेम?"

मी पुन्हा 'टॉर्न पॉकेट' म्हटलं. त्याने जरा वाट पाहिली आणि तो निघून गेला.

मोटारीचं मागचं दार लागलं. आता खरं सांगते, मला सासूबाईंची भीती वाटत नव्हती, सापाची गोष्टही आठवत नव्हती. नाव घेतलं आणि त्याचं आयुष्य कमी झालं तर, ही एक भीती होती. आणि नाव घेतलं आणि आतून कोणीच उत्तर दिलं नाही तर, ही दुसरी. न घेता घरी गेले असते तर निदान दुसरी टळली असती. इंजिन सुरू झालं. हवालदार फाटक उघडायला लागला. मोटार हळूहळू बाहेर निघाली, जाळीच्या आत नुसते हात आणि तोंडं, कोण कोणाचं ते कळत नव्हतं.

मी नाव घेतलं. नुसतं नाव नाही. वडिलांचं नाव आणि आडनाव धरून, रेशनकार्डावर असतं तसं पुरं, बेंबीच्या देठापासून. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. शेजारची म्हातारी हाका मारायची थांबली. हवालदार थांबला. मोटारीतल्या घोषणासुद्धा एक क्षण थांबल्या.

मग कोणीतरी आतून ओरडलं, "वहिनी, उखाण्यात घ्या, उखाण्यात!" आणि सगळी मोटार हसली. मला त्या माणसाला फाडून खावंसं वाटलं. हसण्याच्या खालून मला दुसरं काही ऐकू येतं का, हे मी जिवाचा कान करून ऐकत होते.

"आसय! मी हंय आसय गो!"

माझ्याशी तो कधी मालवणीत बोलत नसे. ती आईशी बोलायची भाषा होती. जाळीला एक हात लागला, मग चेहरा लागला. कपाळावर कोणाचा तरी रुमाल बांधलेला आणि तो लाल झालेला. त्याने मला शोधलं आणि मुंबईच्या मराठीत आला.

"आख्ख्या दादरला ऐकू गेलं," तो म्हणाला.

"जाऊ दे," मी म्हटलं.

मोटार नाक्यावरून वळली आणि मी फाटकाशी बसून रडले. हवालदाराने मला उठवलं नाही.

घरी परतले तेव्हा दिवे लागत होते. मैत्रीण माझ्या आधीच आली होती. तिचाही सापडला होता, आणि ती आमच्या उंबऱ्याच्या आत बसली होती. सासूबाई देवापुढे होत्या. मी सांगितलं की भेटले, कपाळाला लागलंय, पण बोलले, आणि तुरुंगात नेलं. सासूबाई उठल्या नाहीत.

"एवढ्या गर्दीत तुका गावलो कसो?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. नाव तिने घेतलं असं ती सांगू का, हे तिने डोळ्यांनी विचारलंही. मी डोळ्यांनीच नको म्हटलं.

"नाव घेऊन हाक मारली," मी म्हटलं. "मोठ्याने. सगळ्यांसमोर."

मला वाटलं, आता त्या कपाळ बडवून घेणार. मी त्याची तयारी करूनच आले होते. त्यांनी समईची वात पुढे सारली. मग पदर तोंडाला लावून, माझ्याकडे न वळता त्यांनी विचारलं,

"ओ दिल्यान?"

"दिली," मी म्हटलं.